जोडलेले असल्यास मोडून घ्यावे

"डबा पोचला नं, डाक्टर?"

रविवारी सकाळी सात वाजता, तोंडात ब्रश असताना कोणी असं विचारलं तर माणूस खरं बोलून जातो. "पोचला की," मी म्हणालो. "गुरुवारीच पोचला."

"उघडला?"

"उघडला."

पलीकडे एसटीचा खडखडाट होता. आरमोरीचे पुंडलिक नाकाडे चालत्या बसमधून बोलत होते. "त्याच्यात काही जोडलेलं होतं का जी? सुट्या विटा नाही म्हणत मी. कोणी काही बनवून ठेवल्यासारखं?"

होतं. आणि ते मी गुरुवारीच मोडून टाकलं होतं.

"काहून विचारता, नाकाडेभाऊ?"

"निर्मलानं बनवलं होतं ते."

निर्मलावहिनी म्हणजे त्यांची बायको. किडन्या निकामी होऊन तीन आठवड्यांपूर्वी गेली होती. आम्ही सगळ्यांनी फोन करून त्यांचं सांत्वन केलं होतं, म्हणजे काय बोलावं ते न सुचून दोन-दोन मिनिटं हं-हं केलं होतं.

"काल साळी आली होती, निर्मलाची बहीण," नाकाडे सांगू लागले. "तिनं सांगतलं. म्हणे, मी गिरणीवर गेलो का निर्मला बाजेखालचा डबा ओढून घे, अन् काहीतरी जोडत बसे. मले दाखवाचं नव्हतं तिले. बनवलं अन् त्याच डब्यात ठेवून देलं. बहिणीले म्हणे, त्याइच्याच डब्यात ठेवलं, सापडंल तवा सापडंल. तिले काय माहीत जी, का तो डबा साऱ्याइचा आहे म्हणून? अन् मी पाह्यलंच नाही. तीन महिने डबा माह्याजवळ अडकला होता, तुम्ही सारे वाट पाह्यत होते. तेरवी झाली अन् न उघडताच धाडून देला."

तोंडातला फेस हनुवटीवर आला होता.

"मोडलं तं नाही नं तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. "जसंच्या तसं आहे. कपाटात ठेवलंय."

"देव तुमचं भलं करो. मी आष्टीच्या पुढं आलो. एक वाजता पोचतो."

असं का बोललो, हे बारा वर्षांनंतरही मला धड सांगता येत नाही. भीती वाटली, एवढंच खरं.

हा काय प्रकार होता ते आधी सांगतो, नाहीतर आम्हाला वेड लागलं होतं असं वाटेल. तसं ते लागलंच होतं. मी तेव्हा सिरोंच्याला जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो. गाव मला डॉक्टर म्हणायचं आणि डॉक्टरसाहेब त्यावर नाराज असायचे. नोकरीच्या वेळेबाहेर मी प्लास्टिकच्या विटांनी इमारती बांधायचो. त्या परदेशी खेळण्यातल्या विटा, ज्यांच्या डोक्यावर बटणं असतात आणि ज्या एकीत एक खटकन बसतात. ह्या विटा सिरोंच्यात मिळत नाहीत. चंद्रपूरला मिळत नाहीत. नागपूरला मिळतात, पण त्या पेट्यांच्या किमती ऐकून माणूस गाय घेऊन घरी येईल. त्यामुळे तालुक्याचा कोणी साहेब बदली होऊन निघाला की मी त्याच्या पोरांच्या खेळण्यांवर डोळा ठेवून निरोपाला जायचो.

अशीच खोड असलेली, मी धरून सहा माणसं आमच्या भागात इकडेतिकडे पसरली होती. एक वडशाचा पोस्टमन, एक राजुऱ्याच्या शाळेतल्या बाई, आरमोरीचे भातगिरणीवाले नाकाडे, असे. एकमेकांना फोनवर ओळखणारे. नाकाड्यांनी एक युक्ती काढली. बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा विटांनी भरून त्यांनी एसटीच्या पार्सलने पुढच्याकडे पाठवला. त्याने हवं ते काढायचं, तेवढंच आपल्याकडचं नको असलेलं भरायचं, आणि डबा पुढे धाडायचा. चौदा वर्षं तो डबा फिरत होता. झाकणाच्या आतून नाकाड्यांच्या हातचा कागद चिकटवलेला होता: जेवढे काढाल तेवढे भरावे. जोडलेले असल्यास मोडून घ्यावे.

दुसरा नियम का, तर लोक विटा सुट्या करायचा कंटाळा करत आणि जोडलेले गठ्ठे तसेच टाकत. मग पुढचा भिडेखातर ते मोडत नसे. कुणाचं काही काम असेल तर! म्हणून त्यांनी स्पष्ट लिहून टाकलं. डब्यात आलं ते सगळ्यांचं.

त्या वर्षी मी मार्कंड्याचं देऊळ बांधत होतो. करड्या विटांत, पाच महिने. चंद्रपूरला आठ दिवसांनी छंदांचं प्रदर्शन होतं आणि शिखराला करडी वीट कमी पडत होती. डबा अडकल्यामुळे मी नाकाड्यांवर मनातल्या मनात चिडलो होतो. त्यांची बायको मरत होती आणि मी करड्या विटांसाठी चिडत होतो, हेही सांगून टाकतो.

गुरुवारी दुपारी जेवायला घरी आलो तर डबा आलेला. उघडला, आणि वरच ते. वीतभर लांब, बहुतेक करडं. माझे डोळे चमकले. हातात घेऊन दाबलं तर ते उभ्या चिरेवरून सरळ दुभंगलं. विटेवर वीट, सांध्यावर सांधा. माझे वडील मिस्त्री होते. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट आडवी बसली पाहिजे, याला ते सांधेमोड म्हणायचे आणि सांधेमोड न केलेली भिंत पाहिली की लाथेने पाडायचे.

"कोणत्या गाढवानं बांधलं हे?" मी म्हणालो होतो. माझी बायको इंदू पोळ्या लाटत होती. ती वाकून म्हणाली होती, "पाहू द्या नं जरा. छान आहे." मी म्हणालो, "साडेतीनला बैल यायचा आहे, वेळ नाही." आणि दोन मिनिटांत सगळं सुटं करून ड्रॉवरांत टाकून मोकळा झालो होतो.

"कोणाचा फोन होता?" रविवारी सकाळी तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"अन् तुम्ही काय म्हटलं?"

"आहे म्हटलं."

"कुठं आहे?"

मी देवळाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. टेबलावर दीड हात उंच शिखर उभं होतं आणि त्या बाईच्या विटा त्यात वरच्या सात थरांत बसल्या होत्या.

"आत्ताच फोन लावा अन् खरं सांगून द्या."

"बायको गेली आहे त्याची, इंदू."

"म्हणूनच म्हणते."

मी फोन लावला नाही. साडेसात वाजले होते. एक वाजेपर्यंत साडेपाच तास होते, आणि मला त्या क्षणी ते पुरेसे वाटले. हात चालणाऱ्या माणसाला वाटतं की हातांनी सगळं निस्तरता येतं. शिवाय नाकाड्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. हा विचार मनात आला तेव्हा माझी मलाच किळस आली, पण विचार काही गेला नाही.

शिखर वरून उचकटायला घेतलं. पहिले दोन थर निघाले, तिसऱ्याला नखं लागेनात, तेव्हा सुरीचं पातं घातलं आणि कळसाकडची अख्खी बाजू कोसळली. पाच महिने! मी तिकडे बघितलंही नाही. करड्या विटा गोळा करून जमिनीवर चादर पसरली आणि आठवायला बसलो.

काही आठवेना. वीतभर लांब, हे आठवत होतं. करड्या भिंती आठवत होत्या. भिंती होत्या म्हणजे घर होतं. घर होतं म्हणजे दार असणार, खिडकी असणार. छप्पर? छप्पर होतं का? आठ वाजता मी एक घर बांधलं, नऊ वाजता ते मोडलं. छप्पर उतरतं की सपाट, यावर अर्धा तास डोकं धरून बसलो. दहा वाजता घाम इतका सुटला होता की विटा बोटांतून निसटत होत्या. हात धुवायला मोरीत गेलो, आणि तिथेही दार डावीकडे होतं की उजवीकडे हेच डोक्यात.

"इंदू, तू पाहिलं होतंस. छप्पर होतं का गं?"

"तुम्ही कुठं पाहू देलं?"

"थोडं तरी पाहिलंस नं!"

"आत काहीतरी होतं," ती म्हणाली. "घर नव्हतं वाटत ते."

"काय होतं आत?"

"मी नाही सांगत जा. मी सांगू, तुम्ही बनवा, अन् त्या माणसाले फसवा. मला नका त्यात घेऊ."

ती शेजारी निघून गेली. मी एकटाच बांधत राहिलो. साडेबाराला घर तयार झालं. एक दार, उघडणारं. दोन खिडक्या, त्यांत काचेचे तुकडे. देवळासाठी जपून ठेवलेल्या उताराच्या विटांचं लाल छप्पर. लाज वाटते सांगायला, पण ते सुंदर झालं होतं. मी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि क्षणभर खूशही झालो.

घर कपाटात ठेवून स्टँडवर गेलो. बस आली. फोनवरच्या भारदस्त आवाजावरून मी कोणी दणकट माणूस धरून चाललो होतो. उतरले ते माझ्या खांद्यापर्यंत येणारे, बारीक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर नुकते उगवलेले केस. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत.

"झोपलो नाही जी रातभर," ते म्हणाले. "का बनवलं असंल, का बनवलं असंल, हेच."

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. इंदू परत आली होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी तसाच खाली ठेवला. मी कपाट उघडून घर काढलं आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं.

कितीतरी वेळ त्यांनी हात लावला नाही. मग वाकले. मग आणखी वाकले. चष्मा काढून डोळा भिंतीला टेकेल इतके जवळ गेले.

"सांधे मोडले तिनं," ते म्हणाले.

मी कपाटाचं दार लावून घेतलं.

"पाह्यलं का डाक्टर? सांधे मोडले! कोपऱ्यावर वीट कशी फिरवली पाह्य. मी कधी शिकवलं नाही तिले. चवदा वर्षं म्हणे, काय लेकराईसारखं खेळता, उठा, जेवा. मी समजो, हिले ह्याचं काहीच नाही." त्यांचा आवाज फुटला. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाह्यत होती जी. सारं पाह्यत होती. वहिनी, पाह्यलं का? एवढं बारीक पाह्यत होती, अन् मले पत्ता नाही!"

त्यांनी खिशातून फोन काढला आणि साळीला लावला. "सापडलं! अवो सापडलं! सांधे मोडून बांधलं तिनं!" पलीकडून ती काहीतरी विचारत होती. सांधे मोडले म्हणजे काय, हे तिला काय कळणार? "तुले नाही समजत, राहू दे," ते म्हणाले. "मले समजलं."

इंदू माझ्याकडे बघत होती. रागाने बघत असती तर मला सोसलं असतं.

बायकोने जे केलं नव्हतं त्यावर एक माणूस माझ्यासमोर आनंदाने रडत होता, आणि ते करणारा मी होतो. सकाळी वाटलं होतं, सापडलो तर मरण. आता सापडत नव्हतो, आणि ते त्याहून वाईट होतं. तो हे घर आरमोरीला नेणार, कपाटात ठेवणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या बापाची सांधेमोड बायकोची म्हणून दाखवणार.

"नाकाडेभाऊ," मी म्हणालो. "हे मी केलं."

"हो, तुम्हीच तं सांभाळलं."

"सांभाळलं नाही. तिचं मी गुरुवारीच मोडलं. हे आज सकाळी बांधलं. फोन आल्यावर."

त्यांच्या हातातल्या फोनमधून साळीचा आवाज अजून येत होता. त्यांनी तो बंद केला. मग माझ्या मागे पाहिलं. टेबलावर अर्धं ढासळलेलं देऊळ होतं, खाली चादरीवर विटांचा पसारा. गिरणी चालवणाऱ्या माणसाला काय कशातून निघालं ते सांगावं लागत नाही. त्यांनी घर दोन्ही हातांनी उचललं आणि स्टुलाखाली, भिंतीशी, हळूच ठेवून दिलं. कुणी पाहुण्याचा चुकून उचललेला पेला परत ठेवतो तसं.

"मारा मला," मी म्हणालो.

"नियम माझाच आहे," ते म्हणाले. "जोडलेले असल्यास मोडून घ्यावे. मीच लेहला."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं. मी तोंड फिरवून उभा राहिलो, कारण त्या खोलीत रडायचा पहिला मान माझा नव्हता.

"मंग तिचं कसं होतं?"

मी वळलो. ते जमिनीवर चादरीशी मांडी घालून बसले होते.

"आठवत नाही," मी म्हणालो. "सकाळपासून आठवतो आहे. नाही आठवत."

"तुम्ही दोघाईनंच पाह्यलं ते जगात. मी मागत नाही काही. फक्त सांगा, कसं होतं."

"वरून उघडं होतं," इंदू म्हणाली.

ती येऊन आमच्याजवळ बसली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, त्या विटांना तिने झाडू लागेल तेवढाच हात लावला होता. "छप्पर नव्हतं. मी वरूनच पाह्यलं. तीन भिंती होत्या. चौथी नव्हती."

आणि मग मलाही एक गोष्ट सुचली, जी सकाळपासून सुचली नव्हती. मोडलेलं मला आठवत नव्हतं, पण मिळालेलं आठवत होतं. गुरुवारी कोणता तुकडा हाती आला आणि कोणत्या ड्रॉवरमध्ये गेला, हे मला एकेक सांगता येत होतं. हावरट माणसाची ती एकच आठवण पक्की असते. मी ड्रॉवर काढून आणले. ह्यातून पांढरी लांब चपटी, दोन. ह्यातून तपकिरी रुंद चपटी, एक, आणि तिच्याखाली बारीक खांब चार. निळ्या चपट्या तीन. काळी एक. एक कोपऱ्याचा तुकडा, ज्याला पुढून बटण असतं. आणि एकाच बटणाच्या गोल गोट्या अकरा, अकराही वेगळ्या रंगांच्या. त्यांच्यावर मी किती खूश झालो होतो!

त्यातला तिच्या हातचा नेमका कोणता, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. नाकाड्यांनी ते विचारलं नाही.

मी तुकडा द्यायचो आणि इंदू जागा सांगायची. भिंती उचलताना माझा हात आपोआप अर्धी वीट सरकवायचा. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा इंदूने माझं मनगट धरून वीट सरळ केली. "सरळ. विटेवर वीट. तशीच होती." मी सरळ लावली.

"ही पांढरी इथं, भिंतीपासून थोडी दूर," ती म्हणाली. "आडवी. तिच्यावर दुसरी. ह्या टोकाला थोडी उंच, उशीसारखी. बाज वाटली मला."

नाकाडे गुडघ्यांवर पुढे सरकले. 

"ही तपकिरी त्या भिंतीच्या बाजूला. खांबावर. टेबल आहे हे."

"अन् ह्या गोट्या?" मी विचारलं.

"टेबलावरच होत्या. इकडंतिकडं सांडल्यासारख्या."

नाकाड्यांनी माझ्या तळहातावरून गोट्या घेतल्या. एकेक करून स्वतःच टेबलावर बसवल्या. लाल, पिवळी, हिरवी. त्यांची बोटं आमच्यासारखी अडखळत नव्हती. कोणती कुठे हे त्यांना कोणी सांगत नव्हतं आणि ते विचारतही नव्हते. अकरा बसल्यावर ते थांबले.

"ही आमची खोली आहे," ते म्हणाले. "बाज तिची. अन् हे माहं टेबल. गिरणीतून आलो का मी इथंच विटा घेऊन बसतो."

इंदूच्या हातात निळ्या चपट्या, वर काळी, पुढे कोपऱ्याचा तुकडा, असा तिने आठवून जोडलेला छोटा खांब होता. तिला आधी तो खांबच वाटला होता. आता तो खांब नव्हता हे तिघांनाही कळलं. तो माणूस होता; पुढचा तुकडा म्हणजे हात. नाकाड्यांनी तळहात पुढे केला. तिने तो त्यावर ठेवला.

त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला.

"माहं तोंड कोणीकडं होतं?" त्यांनी विचारलं.

गुरुवारची ती दोन मिनिटं मला त्या वेळी लख्ख आठवली. तो तुकडा निघता निघत नव्हता. त्याचा हात टेबलाच्या कडेत इतका घट्ट दाबून बसवला होता की मी नख घालून ओढला होता. टेबलाच्या कडेत. तोंड भिंतीकडे. बाजेकडे पाठ.

इंदूने तोंड उघडलं. तिलाही आठवत होतं.

"बाजेकडं," मी म्हणालो.

इंदूने तोंड मिटलं.

नाकाड्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. सकाळी फोनवर खोटं बोललो ते भीतीने. हे बोलताना मला भीती वाटत नव्हती. मी नजर काढली नाही.

"टेबल तं भिंतीले लागून आहे आमचं," ते सावकाश म्हणाले. "चवदा वर्षं झाली. मी बसलो का बाजेकडं पाठच होते माही. शेवटी शेवटी निर्मला आवाज दे, अन् मी म्हणो, थांब, एवढं होऊ दे."



त्यांनी तो निळा माणूस उचलला. टेबल आणि बाज यांच्यामधल्या जागेवर धरला. एकदा टेबलाकडे केला. मग हळूहळू फिरवून बाजेकडे तोंड करून खाली टेकवला.

"मंग तिनंच फिरवला असंल मले," ते म्हणाले, आणि अंगठ्याने दाबला.

तो खटकन बसला. एकदा बसलेला तुकडा पुन्हा दाबावा लागत नाही, हे आम्हा सहाजणांना कुणी सांगायला नको. तरी तीनच्या बसमध्ये खोली मांडीवर घेऊन ते बसले, बस सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, तोपर्यंत त्यांचा अंगठा त्याच्या डोक्यावर तसाच दाबलेला होता.